सदिच्छा सामना आणि त्यातली हाणामारी: विद्यार्थ्यांच्या खेळावर मुत्सद्देगिरीचं ओझं किती टाकायचं?

तिरपा_पास (धागाकर्ता)

१८ ऑगस्ट २०११ च्या रात्री बीजिंगमधला एक बास्केटबॉल सामना ६४-६४ अशा बरोबरीत असताना थांबला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. चौथ्या सत्रातली ९ मिनिटं ३२ सेकंद अजून बाकी होती. एकीकडे वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठाची पोरं होती. दुसरीकडे बायी रॉकेट्स, म्हणजे चिनी सैन्याचा व्यावसायिक संघ. एका जोरदार फाउलवरून धक्काबुक्की झाली, राखीव खेळाडूंसकट सगळे मैदानात उतरले, खुर्च्या उचलल्या गेल्या. जॉर्जटाऊनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन तिसरे यांनी आपल्या पोरांना गोळा करून बाहेर काढलं, तेव्हा प्रेक्षकांतून पाण्याच्या बाटल्या येत होत्या.

आता आदल्या दिवसाचं चित्र बघा. त्याच संकुलात जॉर्जटाऊनने शान्शीच्या संघाला ९८-८१ असं हरवलं होतं आणि तो सामना बघायला अमेरिकेचे उपाध्यक्ष जो बायडन स्वतः बसले होते. ते चीनच्या दौऱ्यावर होते, यजमान होते तेव्हाचे चिनी उपाध्यक्ष शी जिनपिंग. दोन आठवड्यांपूर्वीच, ५ ऑगस्टला, अमेरिकेचं पतमानांकन इतिहासात पहिल्यांदा घसरलं होतं आणि अमेरिकी सरकारी रोख्यांचा सर्वांत मोठा परदेशी धनको चीन होता. म्हणजे बायडन आले होते ते मुख्यतः चिंता शमवायला. अशा वेळी विद्यार्थ्यांचा एक संघ गावात आहे, दोन्ही देशांना बास्केटबॉलचं वेड आहे, मग छायाचित्रासाठी याहून चांगलं काय मिळणार?

मला यात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट तिसऱ्या दिवशीची आहे. जॉर्जटाऊनचा संघ शांघायला निघाला, तेव्हा बायीची मंडळी विमानतळावर येऊन त्यांना भेटली. बोलणं झालं, भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली आणि चीनच्या परराष्ट्र खात्याने समेट झाल्याचं जाहीर केलं. दौरा रद्द झाला नाही.

माझं म्हणणं असं की चुरस ही सदिच्छेची शत्रू नाही. खेळाडू जिंकायलाच उतरतो आणि उतरायलाच हवा. घोळ होतो तो निकाल आधीच जाहीर केल्यावर. ‘या सामन्यातून मैत्री वाढेल’ असं ठरवून झालं की मैदानावर काय चाललंय याकडे कुणी बघत नाही. पंच कोण, नियम कुठले, प्रेक्षक कसे, दोन संघांच्या वयात आणि अनुभवात अंतर किती, हे प्रश्न फालतू वाटायला लागतात. बीजिंगमध्ये सदिच्छा तयार झाली असेल तर ती विमानतळावर झाली, आणि तीही आदल्या रात्री एकमेकांना भिडलेल्या माणसांमुळे.

तुम्हाला काय वाटतं? इतर उदाहरणं असतील तर जरूर लिहा, मात्र शक्यतो विद्यार्थी खेळाडूंची. भारत-पाकिस्तान क्रिकेटवर इथे भरपूर धागे आहेत.

शिट्टीवाला

विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवर बास्केटबॉलचा पंच म्हणून उभा राहतो.

त्या सामन्याचे आकडे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते आणि ते माझ्या डोक्यात पक्के बसलेत. सामना थांबला तेव्हा जॉर्जटाऊनवर २८ फाउल होते, बायीवर ११. बायीला ५७ फ्री थ्रो मिळाले होते, जॉर्जटाऊनला १५. पंच चिनी होते. त्यांनी मुद्दाम पक्षपात केला असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही आणि आकड्यांवरून हेतू काढूही नये. पण पंच म्हणून एक सांगतो. एवढं अंतर पडलं की मैदानावरच्या दहाही जणांना ते कळतं. ज्यांच्याविरुद्ध शिट्टी वाजतेय त्यांना वाटतं आपलं कुणी ऐकत नाही. ज्यांच्या बाजूने वाजतेय त्यांना वाटतं आपल्याला मोकळीक आहे. दोन्हीकडून अंगाला अंग लागण्याचा जोर वाढत जातो. हाणामारी ज्या फाउलवर सुरू होते तो फाउल शेवटचा असतो इतकंच. तिचं कारण त्याआधीच्या वीस मिनिटांत असतं.

त्यात नियमांचा फरक. अमेरिकी कॉलेजचा खेळ तेव्हा वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत चालायचा आणि चेंडू टाकायला ३५ सेकंद मिळायचे. आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मिनिटांची चार सत्रं आणि २४ सेकंद. विद्यार्थी संघाला परक्या लयीत खेळावं लागतं. शिवाय बचाव करताना हात किती लावलेला चालतो, याची प्रत्येक देशातली सवय वेगळी असते आणि ती नियमपुस्तकात लिहिलेली नसते. म्हणून पाहुण्या संघाच्या सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षक आणि कर्णधारांना बसवून पंचांनी दहा मिनिटं बोलायचं असतं: हे मी सोडणार, हे सोडणार नाही. तीन पंचांपैकी एक तरी तिसऱ्या देशाचा असावा. खर्च नगण्य आहे.

हेही ध्यानात घ्या की चिनी बास्केटबॉलला हे नवं नव्हतं. ऑक्टोबर २०१० मध्ये हनान प्रांतातल्या शुचांगला चीनचा राष्ट्रीय संघ आणि ब्राझील यांच्यातल्या मैत्री सामन्यातही अशीच हाणामारी होऊन सामना सोडून द्यावा लागला होता. जेमतेम दहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. यजमानांनी त्यातून काही धडा घेतला असता, तर जॉर्जटाऊनच्या सामन्यापूर्वी चार माणसं जास्त सावध असती.

पोटोमॅककाठी

धागा वाचून राहवलं नाही. मी वॉशिंग्टनच्या शेजारी मेरीलँडमध्ये राहते आणि कॉलेज बास्केटबॉल इथे काय चीज आहे हे रोज बघते. जॉर्जटाऊन म्हणजे पॅट्रिक युइंग, मुटोम्बो, आयव्हरसन या नावाजलेल्या बास्केटबॉलपटूंचं विद्यापीठ. १७८९ ची जेझुइट संस्था, परराष्ट्र सेवेत जाणाऱ्या मुलांची जुनी शाळाही तिच्यातच. त्यामुळे त्यांनी चीन दौऱ्याला शैक्षणिक दौरा म्हणणं हा निव्वळ देखावा नव्हता. सामना उधळल्यानंतर थॉम्पसन यांनी जे निवेदन दिलं, त्यात कुणालाही दोष दिला नाही. घडल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि ज्या देशाचा आपण आदर करतो तो समजून घ्यायची संधी आपल्या विद्यार्थ्यांना मिळतेय, याबद्दल आभार मानले. त्या रात्री एवढं संयमाने लिहिणं सोपं नव्हतं.

धागाकर्त्याने ‘वयात आणि अनुभवात अंतर’ म्हटलंय, त्यात एक भर. अमेरिकी कॉलेज संघाला असा परदेश दौरा चार वर्षांतून एकदाच करता येतो. त्यासाठी सरावाचे दहा दिवस जादा मिळतात, म्हणून प्रशिक्षकाच्या दृष्टीने हा नव्या मुलांना घडवायचा काळ असतो. पहिल्या वर्षाची पोरं नुकतीच दाखल झालेली असतात. अशा संघासमोर सैन्याचा व्यावसायिक संघ उभा करणं यात मुळातच विजोडपणा होता. बायीने चिनी लीग आठ वेळा जिंकली होती. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळलेला पहिला चिनी खेळाडू वांग झीझी त्यांचाच. आणि सैन्याचा संघ अमेरिकनांसमोर हरला तर ती फक्त बास्केटबॉलमधली हार राहत नाही.

आता दुसरं उदाहरण, आणि हे माझ्या घराजवळचं आहे. कॉलेज पार्कला मेरीलँड विद्यापीठाचं कोल फील्ड हाऊस आहे. १९६६ मध्ये पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सुरुवात करणाऱ्या टेक्सस वेस्टर्नने केंटकीला हरवलेला तो प्रसिद्ध अंतिम सामना इथलाच. त्याच इमारतीत एप्रिल १९७२ मध्ये चीनचा टेबल टेनिस संघ खेळला.

पिंगपाँग मुत्सद्देगिरीची, म्हणजे टेबल टेनिसच्या निमित्ताने अमेरिका आणि चीन जवळ आले त्या घटनेची, १९७१ ची बाजू सगळ्यांना माहीत असते. नागोयाची जागतिक स्पर्धा. सांता मोनिकाच्या कॉलेजात शिकणारा, लांब केसांचा १९ वर्षांचा ग्लेन कोवन चिनी संघाच्या बसमध्ये चढतो. तीन वेळचा विश्वविजेता झुआंग झेडाँग मागच्या सीटवरून उठून पुढे येतो आणि त्याला हुआंगशान पर्वताचं रेशमी चित्र भेट देतो. सांस्कृतिक क्रांतीच्या त्या काळात अमेरिकन माणसाशी बोलणं चिनी खेळाडूच्या अंगाशी येऊ शकत होतं, म्हणून मला त्या उठण्याचं मोल फार वाटतं. मग माओंचा होकार आला आणि १० एप्रिलला अमेरिकी संघ हाँगकाँगकडून लो वूचा पूल ओलांडून चीनमध्ये गेला. १४ एप्रिलला चिनी पंतप्रधान चौ एन लाय त्यांना भेटले आणि त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी चीनवरचे व्यापारी निर्बंध सैल केल्याची घोषणा केली. जुलैमध्ये निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला गेले, फेब्रुवारी १९७२ मध्ये खुद्द निक्सन.

परतीच्या भेटीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. झुआंगच्या नेतृत्वाखालचा चिनी संघ डेट्रॉईटला उतरला, ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात खेळला, आमच्या कॉलेज पार्कला खेळला, व्हाइट हाऊसमध्ये निक्सन यांना भेटला. त्याच महिन्यात अमेरिकेने हनोई आणि हायफाँगवर बॉम्बफेक केली होती. उत्तर व्हिएतनाम चीनचा मित्र. दौरा तिथेच मोडू शकत होता, पण मोडला नाही. पाहुण्यांची व्यवस्था सरकारऐवजी एका बिगरसरकारी समितीने आणि टेबल टेनिस संघटनेने पाहिली होती, याचाही त्यात वाटा असावा असं मला वाटतं. विद्यापीठांच्या बंदिस्त स्टेडियममध्ये विद्यार्थी आणि गावकरी तिकीट काढून बसले होते, त्यांना बघायचा होता तो खेळ.

रोखठोक_कराड

पोटोमॅककाठी ताई, लिहिलंय सुंदर. पण मी या सगळ्याकडे जरा कठोरपणे बघतो.

१९७१ ला पिंगपाँगमुळे काही उघडलं नाही. निक्सन आणि माओ दोघांनाही सोव्हिएत युनियनच्या भीतीपोटी दार उघडायचंच होतं. १९६९ मध्ये सीमेवरच्या उस्सुरी नदीवर चिनी आणि सोव्हिएत सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. चेंडू नसता तर दुसरं काही मिळालं असतं. आणि तो खेळ तरी कुठे खरा होता? ‘मैत्री आधी, स्पर्धा नंतर’ हे चीनचं अधिकृत घोषवाक्य होतं आणि त्यांनी अमेरिकनांसमोर आपले सर्वोत्तम खेळाडू पूर्ण ताकदीने उतरवले नाहीत. पुरुषांचा सामना ५-३, महिलांचा ५-४. तेव्हाच्या अमेरिकी संघाचा दर्जा बघता हे आकडे शिष्टाचाराचे आहेत. ज्यात हरवायचं किती हे आधी ठरतं, त्याला मी खेळ म्हणणार नाही.

बीजिंगचा २०११ चा सामना निदान खरा होता!

आणि सरकारं विद्यार्थी खेळाडूंचा वापर कसा करतात याचं टोक बघायचं असेल तर १९३६ चं बर्लिन आठवा. तिथेही सदिच्छाच होती कागदावर.

अंबानगरीकर

रोखठोक, बर्लिनचा विषय काढलात तर अमरावतीकराला बोलावंच लागेल.

आमच्या गावच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ मध्ये बर्लिनला गेला होता. मंडळाची स्थापना १९१४ ची, वैद्य बंधूंनी केलेली. ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथे जगभरचे शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी आणि शिक्षक जमले होते, त्यांच्यासमोर आमच्या मंडळींनी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. कबड्डी परदेशी प्रेक्षकांनी पाहिली ती तिथे. ध्यानचंदांच्या हॉकी सुवर्णामुळे ही गोष्ट मागे पडते, पण विदर्भात आजही ती अभिमानाने सांगितली जाते.

आता तुमचा मुद्दा. ती नाझी राजवट होती, सगळा थाटमाट प्रचारासाठी होता, हे शंभर टक्के खरं. पण गेलेल्या मंडळींच्या बाजूनेही बघा. देश पारतंत्र्यात. ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ संचलन करायचा तो ब्रिटिश हिंदुस्थानच्या झेंड्याखाली. अशा वेळी एका जिल्ह्याच्या गावातून निघालेल्या व्यायामशाळेने ‘आमच्याकडे स्वतःचे खेळ आहेत, स्वतःची व्यायामपद्धती आहे’ असं जगासमोर मांडलं. यजमानाचा हेतू एक, पाहुण्याचा दुसरा. यजमानाच्या हेतूने पाहुण्याचं काम बाटतं असं मी मानत नाही. आज कबड्डी आशियाई स्पर्धांत आहे, मातीतली मॅटवर गेली आहे. त्या लांबच्या वाटेवरचा एक टप्पा बर्लिन होता.

मला इतकंच म्हणायचंय की विद्यार्थ्यांना ‘वापरलं’ असं म्हणताना ते स्वतः काय मिळवायला गेले होते, हेही विचारायला हवं.

जुनी_वही

चर्चा छान चाललीय. रोखठोक म्हणतात तसं, खेळामुळे करार होत नाहीत. ते मान्य करूनही खेळाला एक वेगळं काम करता येतं, त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नितळ उदाहरण १८६९ चं आहे.

२७ ऑगस्ट १८६९, लंडनची थेम्स नदी. हार्वर्ड विरुद्ध ऑक्सफर्ड, चार वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला अशा नौकांची शर्यत, पटनीपासून मॉर्टलेकपर्यंत. काठावर लाखोंनी माणसं. तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका यांचे संबंध इतके ताणलेले होते की युद्धाची भाषा उघडपणे होत होती. कारण होतं ‘अलाबामा’ नावाचं जहाज. अमेरिकी यादवीत ते इंग्लंडच्या बर्कनहेडच्या गोदीत दक्षिणेतल्या बंडखोरांसाठी बांधलं गेलं आणि त्याने उत्तरेची व्यापारी जहाजं बुडवली. ब्रिटनने भरपाई द्यावी अशी अमेरिकेची मागणी होती. एप्रिल १८६९ मध्ये, म्हणजे शर्यतीच्या चारच महिने आधी, सिनेटने भरपाईचा समझोता ५४ विरुद्ध १ मतांनी फेटाळला आणि सिनेटर चार्ल्स समनर यांनी असं भाषण केलं की ब्रिटिशांना वाटलं यांना आता कॅनडाच हवाय.

त्या उन्हाळ्यात ही पोरं समुद्र ओलांडून आली. घरी त्यांना सहा वल्ह्यांच्या, सुकाणूवाला नसलेल्या नौकेची सवय. इथे ऑक्सफर्डच्या पद्धतीप्रमाणे चार वल्ही आणि सुकाणूवाला घ्यावा लागला, आणि थेम्सची भरती-ओहोटी व वळणं तर पूर्ण परकी. तरीही सुरुवातीला हार्वर्ड पुढे होतं. मग ऑक्सफर्डने त्यांना गाठलं आणि सहा सेकंदांच्या आसपास फरकाने शर्यत जिंकली. तीनच वर्षांपूर्वी अटलांटिकखालून कायमची तार टाकली गेली होती, त्यामुळे निकाल अमेरिकेत त्याच दिवशी पोचला. समुद्रापलीकडचा खेळाचा निकाल लोक इतक्या आतुरतेने तारेवर वाचताहेत, ही गोष्टच नवी होती.

अमेरिकेचे लंडनमधले राजदूत जॉन मॉटली स्वतः हार्वर्डचे विद्यार्थी होते. शर्यतीनंतर क्रिस्टल पॅलेसला दोन्ही संघांना मेजवानी झाली आणि तिथे चार्ल्स डिकन्स बोलले. हरलेल्या पाहुण्यांचं कौतुक करायला इंग्लंडने आपला सगळ्यात लाडका लेखक उभा केला.

करार व्हायला आणखी दोन वर्षं लागली. १८७१ चा वॉशिंग्टनचा तह, मग १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला सांगितले आणि ब्रिटनने ते भरले. शर्यतीमुळे हे झालं असं कुणी म्हणू नये. पण दोन्ही देशांतल्या सामान्य माणसाला त्या उन्हाळ्यात एकमेकांबद्दल बोलायला ‘अलाबामा’खेरीज दुसरा विषय मिळाला, आणि त्या विषयात आदर होता. लवादापुढे जायला तयार होणाऱ्या जनतेसाठी हे कमी महत्त्वाचं नाही. शर्यतीत कुणी कुणाला सवलत दिली नव्हती, हेही रोखठोक यांनी नोंदवून ठेवावं.

तिरपा_पास (धागाकर्ता)

जुनी_वही, मनापासून आभार. मला नेमकं हेच म्हणायचं होतं. १८६९ मध्ये सदिच्छेची जबाबदारी शर्यतीवर टाकलेली नव्हती. शर्यत खरी होती आणि आदर नंतर, मेजवानीत, स्वखुशीने आला.

अंबानगरीकर, मंडळाच्या बर्लिनवारीवर स्वतंत्र धागा काढाच. मंडळात जुनी छायाचित्रं असतील तर त्याबद्दलही लिहा.

निळीडोंगररांग

इतका वेळ नुसती वाचत होते. सगळी उदाहरणं इतिहासातली आली, म्हणून अलीकडचं आणि आपलं एक लिहिते. माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं अरुणाचलमध्ये काढली, त्यामुळे हे मला फार लागलं होतं.

जुलै २०२३. चीनच्या चेंगडू शहरात जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा होती. करोनामुळे दोन वर्षं पुढे ढकललेली. भारताचा मोठा चमू निघाला होता, त्यात वूशूचे, म्हणजे चिनी युद्धकलेच्या खेळाचे, आठ खेळाडू होते. त्यातल्या तिघी अरुणाचलच्या. बाकीच्यांना नेहमीचा व्हिसा मिळाला. या तिघींना मिळाला तो वेगळ्या कागदावर छापून पासपोर्टला टाचलेला. चीन अरुणाचलवर दावा सांगतो, म्हणून तिथल्या भारतीयांच्या पासपोर्टवर शिक्का मारायचा नाही, कागद टाचायचा, ही त्यांची जुनी पद्धत. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने हे मान्य नसल्याचं स्पष्ट सांगितलं आणि सरकारने वूशूचा पूर्ण संघच थांबवला. उरलेली मुलं रात्री दिल्ली विमानतळावर पोचली होती, त्यांना तिथून परत बोलावलं.

सरकारचा निर्णय बरोबर होता असं माझं ठाम मत आहे. तिघींना मागे ठेवून बाकीच्यांना पाठवलं असतं, तर चीनचं म्हणणं आपणच मान्य केल्यासारखं झालं असतं. पण किंमत कुणी मोजली? विशीतल्या मुलींनी. तवांग, पासीघाट, झिरो अशा ठिकाणांहून मोठ्या स्पर्धेपर्यंत पोचायला काय लागतं हे मी जवळून पाहिलंय. जवळ सोयी नाहीत, प्रशिक्षण घ्यायचं तर घर सोडावं लागतं, पावसाळ्यात रस्ते बंद. एवढं करून पोचल्यावर सांगायचं की तुझा पासपोर्ट पुरेसा नाही.

दोनच महिन्यांनी हांगझौच्या आशियाई स्पर्धेला पुन्हा त्याच तिघींना प्रवेश मिळू शकला नाही. आपले तेव्हाचे क्रीडामंत्री अनुराग ठाकूर यांनी निषेध म्हणून आपली भेट रद्द केली. त्या स्पर्धेत मणिपूरच्या रोशिबिना देवीने वूशूमध्ये रौप्य जिंकलं आणि येऊ न शकलेल्या मैत्रिणींची आठवण काढली. तिचं स्वतःचं राज्य तेव्हा पेटलेलं होतं.

आणि दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर अन्याय होईल. त्याच चेंगडूत आपल्या बाकीच्या विद्यार्थ्यांनी ११ सुवर्णांसह २६ पदकं जिंकली. त्याआधी १९५९ पासूनच्या सगळ्या विद्यापीठ स्पर्धांत मिळून भारताची १८ पदकं होती! नेमबाज आणि तिरंदाजांनी कमाल केली. चिनी प्रेक्षकांसमोर, चिनी मैदानावर.

शिट्टीवाला

निळीडोंगररांग ताई, वाचताना गलबलून आलं. वूशूमध्ये तर खेळाडूचं वय आणि वजनगट दोन्ही पुढे सरकत असतात. हुकलेली स्पर्धा पुढच्या वेळी भरून निघत नाही.

मला यात राग येतो तो आयोजक महासंघाचा. यजमानपद देतानाच अट असली पाहिजे की प्रत्येक सदस्य देशाच्या प्रत्येक पात्र खेळाडूला सारख्याच कागदपत्रावर प्रवेश मिळेल. नाही दिला तर यजमानपद जाईल. पंचाने पहिल्या फाउलला शिट्टी वाजवली नाही की पुढचं सगळं हातातून जातं, हे मी वर बास्केटबॉलबद्दल लिहिलं तेच इथेही लागू आहे.

रोखठोक_कराड

ताई, तुमच्याशी पूर्ण सहमत. आणि म्हणूनच मी विचारतो: अशा यजमानाकडे जायचंच कशाला? पूर्ण चमू मागे घ्यायला हवा होता.

जुनी_वही

रोखठोक, इथे मात्र मी तुमच्या विरोधात आहे. विद्यापीठांच्या या स्पर्धेचा जन्मच अशा फुटीतून झालाय. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांचं क्रीडाजगत दोन गटांत विभागलं गेलं. पश्चिमेकडच्या देशांनी १९४९ मध्ये आपला वेगळा महासंघ काढला, साम्यवादी देशांचे खेळ वेगळे होत राहिले. १९५७ मध्ये पॅरिसला दोन्हीकडचे विद्यार्थी एकत्र खेळले आणि १९५९ मध्ये इटलीतल्या तुरीनला पहिली एकत्रित स्पर्धा झाली. पदक देताना राष्ट्रगीताऐवजी युरोपातल्या विद्यापीठांचं जुनं लॅटिन विद्यार्थीगीत वाजवायचं, असं तिथे ठरलं. शीतयुद्ध ऐन भरात असताना लोकांनी हे जमवलं. पूर्ण बहिष्कार घातला असता तर ती २६ पदकं गेली असती आणि बीजिंगला काही फरक पडला नसता. वूशूचा संघ थांबवला, त्यातून जो निरोप जायचा तो गेला.

रोखठोक_कराड

पदकांसाठी तत्त्व सोडायचं का, हा प्रश्न मला अजूनही पडतोच. पण तुरीनची माहिती नवी होती, धन्यवाद. त्या गीताची कल्पना आवडली. ती सगळीकडे का नाही?

पोटोमॅककाठी

रोखठोक, तुमच्या आधीच्या प्रतिसादातल्या ‘ज्यात हरवायचं किती हे आधी ठरतं’ या वाक्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा अमेरिकेत, ह्यूस्टनला झाली. पिंगपाँग मुत्सद्देगिरीला ५० वर्षं झाली म्हणून दोन्ही देशांच्या संघटनांनी मिश्र दुहेरीत चक्क एक चिनी आणि एक अमेरिकन अशा दोन जोड्या उतरवल्या. एका जोडीत वांग मान्यू आणि भारतीय वंशाचा कनक झा. दुसऱ्या जोडीत लिन गाओयुआन आणि लिली झांग, जी बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकलेली. तेव्हा दोन्ही सरकारांचे संबंध १९७१ नंतर क्वचितच इतके वाईट झाले असतील. ह्यूस्टनमधला चीनचा वाणिज्य दूतावासच आदल्या वर्षी अमेरिकेने बंद करायला लावला होता. त्याच गावात ही स्पर्धा!

प्रदर्शनीय सामना नव्हता, जागतिक स्पर्धेचा ड्रॉ होता. समोरची प्रत्येक जोडी यांना हरवायलाच आली होती. लिन आणि लिली उपांत्य फेरीपर्यंत पोचले आणि त्यांना कांस्यपदक मिळालं.

शिट्टीवाला

हे माहीत नव्हतं! दोन वेगळ्या देशांच्या खेळाडूंची जोडी जागतिक स्पर्धेत खेळवायची म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाची खास परवानगी लागली असणार. म्हणजे कुणीतरी मुद्दाम बसून, नियम उघडून, वाट काढली.

आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांना शेजारच्या देशांतले संघ पाहुणे म्हणून बोलावले, तर टेबल टेनिस आणि बॅडमिंटनच्या दुहेरीत असं करता येईल. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, भूतान. सामने खरे, गुण खरे, पंच मिश्र. बास्केटबॉलला अशी सोय नाही, पण तीन-तीनच्या प्रकारात संमिश्र संघ करून बघता येतील. आमच्या जिल्हा संघटनेच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय घेतोय. कुणाचा विद्यापीठ क्रीडा विभागाशी संपर्क असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.